खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा: नव्याने हातात घेणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याकडे नव्याने वळणारे दोन प्रकारचे लोक दिसतात. कुणाच्या घरी कपाटात २००८-१० च्या सुमाराचा कॅमेरा सापडतो, कुणी तो जुन्या मालातून किंवा ऑनलाइन विकत घेतो. दोघांचीही पहिली तक्रार एकच असते: फोटो हलले, रात्रीचे काळे आले, यापेक्षा फोनवर बरे येतात. बहुतेक वेळा कॅमेऱ्यात काहीच बिघाड नसतो. आताचा फोन एका दाबात अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर जुळवतो, अंधारा भाग उजळतो. जुना कॉम्पॅक्ट एकच फ्रेम घेतो आणि तीच कार्डावर लिहितो. म्हणून फोकस कुठे आहे, उजेड किती आहे आणि हात किती स्थिर आहे, हे तीनही आपल्यालाच बघावं लागतं. त्यातही सगळ्यात आधी शिकायची ती शटरचं बटण अर्धं दाबून थांबायची सवय. ती लागेपर्यंत मेनूतलं बाकी काही उघडलं नाही तरी बिघडत नाही.

घेताना काय तपासायचं

जुना कॅमेरा घेताना सोबत स्वतःचं एक ४ जीबीचं एसडी कार्ड न्या. कॅमेरा सुरू करा, झूम पूर्ण बाहेर काढा, पूर्ण आत घ्या, असं पाच-सहा वेळा करा. लेन्सच्या नळ्या सरकताना करकर आवाज आला किंवा मध्येच अडखळल्या तर तो कॅमेरा ठेवून द्या. आत कण गेलेला असतो आणि दुरुस्तीचा खर्च बऱ्याचदा कॅमेऱ्याच्या किमतीवर जातो. मग कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून चारही कोपरे बघा. एकाच जागी राखाडी ठिपका दर फोटोत दिसला तर धूळ सेन्सरवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या आतल्या चकतीवर, आहे. ती बाहेरून पुसता येत नाही. लेन्स उजेडाकडे तिरपी धरली आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात चार महिने बंद कपाटात पडलेल्या कॅमेऱ्यांत ती हमखास सापडते.

बॅटरीच्या झाकणाची खिट्टी जरूर बघा. झाकण नीट बसलं नाही तर पुष्कळ मॉडेल सुरूच होत नाहीत, आणि ही प्लास्टिकची खिट्टी मोडलेले कॅमेरे बाजारात भरपूर असतात. सुरू केल्यावर मेनू जपानीत आला तर सेटिंगमध्ये भाषा बदलते का ते तिथेच करून बघा. जपानी बाजारासाठी बनलेल्या काही मॉडेलांत दुसरी भाषाच नसते.

कार्डाचा घोळ सगळ्यात जास्त होतो, म्हणून जरा सविस्तर. एसडी कार्डाच्या तीन पिढ्या नेहमी भेटतात: २ जीबीपर्यंत साधं एसडी, ४ ते ३२ जीबी एसडीएचसी आणि त्याहून मोठं एसडीएक्ससी. दिसायला तिन्ही सारखीच, खाच एकच. पण २००६ च्या आधीचे बहुतेक कॅमेरे एसडीएचसी वाचत नाहीत आणि २००९ च्या आसपासचे बरेचसे एसडीएक्ससी वाचत नाहीत. दुकानदार ६४ जीबीचं कार्ड देतो, कॅमेरा ‘कार्ड एरर’ म्हणतो आणि आपण कॅमेऱ्याला दोष देतो. २००८-१० च्या कॉम्पॅक्टला ४ किंवा ८ जीबी पुरतं, २००६ च्या आधीच्याला मात्र २ जीबीपर्यंतचंच घाला. ८ मेगापिक्सेलचा एक फोटो साधारण ३ एमबीचा, म्हणजे ४ जीबीत हजारावर फोटो बसतात. फोनमधलं छोटं मायक्रोएसडी अडॅप्टरमध्ये घालून वापरण्यापेक्षा पूर्ण आकाराचं कार्ड घ्या, कारण अडॅप्टरचे संपर्क सैल पडले की लिहिता लिहिता फोटो तुटतो. काही जुन्या ऑलिंपस आणि फुजीला एक्सडी कार्ड लागतं, जुन्या सोनीला मेमरी स्टिक. ही कार्डं आता सहज मिळत नाहीत, तेव्हा कार्ड सोबत मिळणार नसेल तर तो कॅमेरा घेऊ नका.

पहिल्या दिवशी

बॅटरी आधी पूर्ण चार्ज करा. वेगळ्या चार्जरमध्ये ती साधारण दोन तासांत भरते. बॅटरी सपाट टेबलावर ठेवून फिरवून बघा. भोवऱ्यासारखी फिरली किंवा डुगडुगली तर ती फुगली आहे, ती वापरू नका. फुगलेली बॅटरी खाचेत अडकते आणि उपसताना आतल्या पट्ट्या वाकतात. पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा असेल तर किराणा दुकानात घड्याळासाठी मिळणारे साधे सेल पाच-दहा फोटोंतच मान टाकतात. फ्लॅश आणि लेन्सची मोटर एकदम जो करंट ओढतात, तो त्यांना झेपत नाही. २००० एमएएचचे रिचार्जेबल एनआयएमएच (निकेल-मेटल हायड्राइड) सेल घ्या आणि दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच वेळी चार्ज केलेले घाला.

मग तारीख आणि वेळ. हे काम सगळे टाळतात आणि फोटो फोनमध्ये घेतले की लग्नाचे फोटो २०१० सालात जाऊन बसतात. तारीख भरताना दिवस-महिना-वर्ष हा क्रम निवडा. दर वेळी बॅटरी काढली की तारीख पुसली जात असेल तर आतली छोटी बॅटरी उतरलेली आहे. पुष्कळ कॅमेऱ्यांत ती मोठ्या बॅटरीवरूनच भरते, म्हणून भरलेली बॅटरी एक दिवसभर कॅमेऱ्यात तशीच राहू द्या. काही जुन्या मॉडेलांत मात्र नाण्यासारखा छोटा सेल असतो, तो बदलावा लागतो.

कार्ड घातल्यावर ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नको. त्याआधी कार्डावरचं जुनं काही हवं असेल तर उतरवून घ्या. ‘कार्ड लॉक’ असा संदेश आला तर कार्डाच्या डाव्या कडेची बारीक पट्टी वर सरकवा.

आता चार सेटिंग लावा आणि महिनाभर तशीच ठेवा. फोटोचा आकार सगळ्यात मोठा, दर्जा ‘फाइन’. डिजिटल झूम बंद. तो फक्त फोटोचा मधला तुकडा कापून ताणतो, ते काम नंतर घरीही करता येतं. फोटोवर तारीख छापणं बंद, एकदा छापली की निघत नाही. आणि डायलवर ‘पी’ असेल तर ‘ऑटो’ऐवजी ‘पी’ ठेवा. ‘ऑटो’त फ्लॅश आणि आयएसओ (उजेडाबद्दलची संवेदनशीलता) कॅमेरा ठरवतो, ‘पी’त ते आपल्या हातात येतं.

अर्धं बटण

शटरच्या बटणाला दोन टप्पे असतात. बोटाला पहिला टप्पा जाणवायला लागेपर्यंत पाटावर एक वाटी ठेवून दहा मिनिटं हेच करा:

१. मधला चौकोन वाटीच्या कडेवर आणा. कडा हवी, गुळगुळीत पोट नको.
२. बटण हलकेच दाबा आणि अडेल तिथे बोट थांबवा.
३. चौकोन हिरवा झाला, दोनदा टुक वाजलं, की फोकस आणि उजेडाचं माप दोन्ही ठरलं.
४. बोट न उचलता कॅमेरा हवा तसा वळवा.
५. आता उरलेलं बटण दाबा. झटका नको, नुसतं बोट खाली न्या.

चौकोन पिवळा किंवा लाल झाला, लुकलुकला, तर फोकस लागलेला नाही. कारण बहुतेक वेळा तिघांपैकी एक असतं. वस्तू फार जवळ आहे, उजेड कमी आहे, किंवा समोर पकडायला रेघच नाही, जसं की चुना मारलेली कोरी भिंत. पहिल्यात एक पाऊल मागे जा. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात तेवढ्याच अंतरावरच्या एखाद्या ठळक कडेवर, दाराच्या चौकटीवर किंवा साडीच्या काठावर अर्धं दाबा आणि मग वळवा.

दोघांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो बिघडतो तो याच कारणाने. मधला चौकोन दोघांच्या मधल्या फटीतून मागच्या भिंतीवर पडतो. भिंत स्वच्छ, माणसं धूसर. एकाच्या चेहऱ्यावर अर्धं दाबून मग दोघांना चौकटीत घेतलं की हा दोष गेला.

हलत्या विषयाला हीच सवय वाचवते. जुना कॉम्पॅक्ट फोकस लावायला अर्धा सेकंद सहज घेतो, तेवढ्यात आखाड्यातला पैलवान पाठ टेकून उठलेला असतो. कुस्तीची जोड सुरू होण्याआधीच मातीवर तेवढ्या अंतरावर अर्धं दाबून ठेवा आणि डाव पडताना उरलेलं दाबा, म्हणजे फोटो जवळपास त्याच क्षणी येतो.

लहान फुलाचं चिन्ह म्हणजे मॅक्रो. एरवी सुमारे अर्ध्या मीटरच्या आतलं या कॅमेऱ्यांना दिसत नाही. मॅक्रोत काही मॉडेल २ ते ५ सेंटीमीटरपर्यंत जातात, पण झूम अजिबात बाहेर नसेल तरच. झूम ताणून मॅक्रो करायला गेलात की चौकोन पिवळाच राहणार. काम झालं की मॅक्रो बंद करा. तो चालू राहिल्याने लांबचे फोटो मऊ आल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

हात आणि झूम

कॅमेरा फोनसारखा लांब हाताने धरू नका. कॅमेऱ्याची दोरी मनगटात, दोन्ही कोपर बरगड्यांना टेकलेले, डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी खालून आधाराला. बोट फ्लॅशवर येत नाही ना ते बघा. अर्धं दाबल्यावर स्क्रीनवर थरथरत्या हाताचं किंवा लुकलुकणारं चिन्ह आलं तर शटर, म्हणजे सेन्सरवर उजेड सोडणारा पडदा, इतका वेळ उघडं राहणार की हातात फोटो हलणारच. अशा वेळी खांब, कठडा, मोटारसायकलची सीट, काहीही टेकायला घ्या आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. टायमरने बटण दाबतानाचा धक्का निघून जातो.

लेन्सभोवती १:२.८–५.९ असे आकडे छापलेले असतात. पहिला आकडा झूम नसताना, दुसरा पूर्ण झूमवर. एफ २.८ वर जेवढा उजेड आत येतो, त्याच्या चौथ्या हिश्शाहून थोडा कमी एफ ५.९ वर येतो. म्हणजे झूम केला की शटर चौपट वेळ उघडं राहतं आणि हाताची थरथरही मोठी होऊन दिसते. भर उन्हात हे जाणवत नाही. संध्याकाळी बेळगावच्या खडेबाजारात मात्र झूम सोडा आणि चार पावलं पुढे जा.

उजेड

या कॅमेऱ्यांतला सेन्सर बहुधा १/२.३ इंच मापाचा, म्हणजे सुमारे ६ बाय ४.६ मिलिमीटर, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. म्हणून आयएसओ वाढवला की फोटोत दाणे लवकर दिसतात. उन्हात ८० किंवा १००, सावलीत आणि ढगाळ हवेत २००, घरात ४००. ८०० वर दाणे सहन करावे लागतात, १६०० फक्त फोटो मिळणंच महत्त्वाचं असेल तेव्हा.

कॅमेरा समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून उजेड मोजतो. वारकऱ्यांची पांढरी दिंडी किंवा हिवाळ्यात खानापूर रस्त्यावरचं सकाळचं दाट धुकं चौकटभर असेल तर तो ते पांढरं काळपट करतो. प्लस-मायनसचं बटण दाबून +०.७ करा. उलट काळ्या दगडासमोर तो उगाच उजळवतो, दगड धुरकट राखाडी येतो, तिथे –०.३ ते –०.७. फोटो झाला की आकडा शून्यावर आणायला विसरू नका, बंद करून पुन्हा सुरू केला तरी काही कॅमेऱ्यांत तो तसाच राहतो.

याचं उत्तम शिक्षण बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत मिळतं. रट्टांच्या राजवटीत १२०४ साली बांधलेल्या या जैन मंदिराच्या मंडपाच्या छतात दगडी कमळ आहे. आत उजेड अंधूक, दगड काळसर, आणि मान वर करून हातात धरून काढलेला फोटो हललेलाच येतो. त्यापेक्षा जमिनीवर हातरुमाल पसरा, कॅमेरा स्क्रीन खाली करून, लेन्स छताकडे करून कमळाच्या बरोबर खाली ठेवा. फ्लॅश बंद, आयएसओ १००, –०.३, दहा सेकंदांचा टायमर. अर्धं दाबा, टुक वाजलं की पूर्ण दाबा आणि बाजूला व्हा, नाहीतर तुमचंच डोकं चौकटीत येईल. शटर अर्धा-एक सेकंद उघडं राहिलं तरी कॅमेरा हलत नाही, आणि पाकळ्यांच्या कडा स्वच्छ येतात. चौकटीत कमळ तिरकं आलं तर कॅमेरा जरा फिरवून पुन्हा घ्या. देवळात फोटोला परवानगी आहे का ते आधी विचारा, आणि इथेच काय, कुठल्याही देवळात गाभाऱ्याकडे कॅमेरा रोखू नका.

फ्लॅशबद्दल बहुतेकांची समजूत उलटी असते. रात्रीच्या मोठ्या सोहळ्यात तो निरुपयोगी, भर दुपारी फार उपयोगाचा. कॉम्पॅक्टचा फ्लॅश झूम नसताना ३-४ मीटर पोचतो, पुढे काही नाही. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत लोक गर्दीतून फ्लॅश मारतात, तेव्हा पुढच्या माणसाची पाठ पांढरीफटक उजळते आणि रथ अंधारात जातो. तिथे फ्लॅश बंद करा, आयएसओ ८००, झूम नाही, खांबाला टेकून उभे राहा. सजीव देखाव्यातली मुलं क्षणभर स्तब्ध उभी असतात, तो क्षण धरा. रथ चालत असेल तेव्हा सोडून द्या, थांबला की घ्या. रथ ३ मीटरच्या आत आला तर ‘नाइट पोर्ट्रेट’ लावा: फ्लॅशने समोरचा चेहरा उजळतो आणि शटर जरा जास्त उघडं राहून मागची रोषणाईही येते. प्रखर दिव्यांवर कॅमेरा धरल्यावर सीसीडी या जुन्या प्रकारचा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर उभी जांभळी रेघ दिसते. फोटोत ती सहसा येत नाही, व्हिडिओत मात्र येते.

दुपारी बारा वाजता शिवारात टोपी घातलेल्या शेतकऱ्याचा फोटो काढा. कपाळापासून नाकापर्यंत काळी सावली, डोळे दिसतच नाहीत. आता फ्लॅश ‘ऑटो’वर न ठेवता विजेच्या चिन्हावर सक्तीने चालू करा आणि दोन मीटरवरून पुन्हा काढा. ऊन तसंच राहतं, सावलीतला चेहरा उघडतो. डोक्यावर पदर घेतलेल्या बायकांच्या फोटोलाही हाच उपाय.

पाऊस, धुकं, मळणीची धूळ असताना फ्लॅश मारला तर फोटोभर पांढरे गोल येतात. लेन्सजवळचे थेंब किंवा कण उजळून तसे दिसतात, त्यात गूढ काही नाही.

रंग पिवळे आले तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे दिव्याच्या रंगाप्रमाणे पांढरं जुळवायचं सेटिंग, बघा. पिवळ्या बल्बखाली बल्बचं चिन्ह, ट्यूबखाली ट्यूबचं, बाहेर आल्यावर परत ऑटो.

धूळ, तंबाखू, पाऊस

नळ्या आत-बाहेर करणारी लेन्स हा या कॅमेऱ्याचा सगळ्यात नाजूक भाग. खानापूर बाजूची तांबडी धूळ अतिशय बारीक असते, ती नळ्यांच्या फटीत बसते आणि मग एक दिवस ‘लेन्स एरर’ येतो. कच्च्या रस्त्यावर गाडीतून जाताना कॅमेरा बंद करून चेनच्या पिशवीत ठेवा. ज्या खिशात तंबाखूची पुडी किंवा चुन्याची डबी, त्या खिशात कॅमेरा कधीही नको. निपाणीच्या वखारीत फोटो काढायचे असतील तर काढण्यापुरताच सुरू करा.

एरर आला तर लेन्स हाताने ओढू किंवा ढकलू नका, आतले प्लास्टिकचे दाते तुटतात. बॅटरी काढा, पाच मिनिटं थांबा, पूर्ण भरलेली बॅटरी घाला. बॅटरी अशक्त असली की लेन्स अर्ध्यावर थांबते, हेही मोठं कारण आहे. तरीही नाही तर लेन्स जमिनीकडे करून रबरी ब्लोअरने फटीत चारी बाजूंनी हवा मारा आणि पुन्हा सुरू करा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण काचेवर बसतात.

गोकाकला पावसाळ्यात गेलात तर सुमारे १७० फुटांवरून पडणाऱ्या घटप्रभेचे तुषार बऱ्याच अंतरापर्यंत येतात. हे कॅमेरे जलरोधक नसतात. प्लास्टिकच्या पिशवीला लेन्सपुरतं भोक पाडून रबर लावा, वाऱ्याकडे पाठ करा, आणि दर दोन-तीन फोटोंनंतर काच मऊ सुती कापडाने टिपा. एसी गाडीतून दमट हवेत उतरल्या उतरल्या कॅमेरा काढला तर काच धुकटते. अर्धा तास तो पिशवीतच बंद ठेवा.

कॅन्टोन्मेंटचा भाग, लष्करी केंद्रांच्या भिंती-फाटकं आणि सांबऱ्याचा हवाईदलाचा परिसर इथे कॅमेरा बाहेर काढूच नका.

फोटो उतरवणं

सोपा मार्ग म्हणजे ओटीजी कार्ड रीडर, म्हणजे फोनच्या चार्जिंगच्या खाचेत बसणारं कार्ड वाचायचं यंत्र, फोनला लावणं. जुन्या कॅमेऱ्यांची केबल बहुधा मिनी-यूएसबीची असते, फोनचा चार्जिंगचा वायर तिथे बसत नाही. फोटो ‘डीसीआयएम’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात. ते कॉपी करा, ‘मूव्ह’ करू नका, आणि रीडरवरचा दिवा लुकलुकत असताना कार्ड ओढू नका. कॉपी झालेले फोटो उघडून बघा, दुसऱ्या एका जागीही ठेवा, मगच कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट करा. व्हॉट्सअॅपवर पाठवायचे असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून लहान होतात.

चुकून फॉरमॅट झालं तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. नवं काही लिहिलं गेलं नसेल तर कॉम्प्युटरवरच्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरेचसे फोटो परत मिळू शकतात.

जून ते सप्टेंबर कॅमेरा पडून राहणार असेल तर कातडी पाकिटात ठेवू नका, कातडं ओल धरतं. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या घालून ठेवा. तांदळात पुरू नका, पीठ फटींत जातं. बॅटरी अर्धी भरून वेगळी काढा आणि पंधरा दिवसांनी एकदा कॅमेरा बाहेर काढून झूम पूर्ण आत-बाहेर करा.